ग्रामसभांचं एकत्रित कार्यालय: खर्च किती, हाती काय येतं?

तेंदूच्या हंगामाआधीच्या सभेत कुणी म्हटलं की यंदा हिशेबाला एक पगारी माणूस ठेवू, की पहिला प्रश्न ठरलेला असतो: पैसे कुठून द्यायचे? प्रश्न रास्त आहे. ज्या घरात उन्हाळ्यातल्या दोन-तीन आठवड्यांच्या पानतोडणीवर खतं-बियाणं, मुलांची वह्या-पुस्तकं आणि एखादं दुखणं निभावायचं असतं, तिथे गोणीमागचे शंभर रुपयेही जाणवतात. पण याच प्रश्नाला जोडून दुसरा विचारायला हवा, आणि तो सहसा विचारला जात नाही. माणूस न ठेवल्यामुळे दरवर्षी किती जातं?

या लेखात या दोन्ही आकड्यांचा हिशेब मांडला आहे. गडचिरोली आणि चंद्रपूरमधल्या ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, ज्या तेंदू-बांबूची विक्री स्वतः करतात, किंवा पेसा क्षेत्रात वनविभागामार्फत विक्रीचा पहिला पर्याय सोडून स्वतः विक्रीचा दुसरा पर्याय घ्यायचा विचार करतात, त्यांच्या उपयोगाचा.

मोठ्या कंपन्यांपुढे हा प्रश्न फार पूर्वीच आला. त्यांच्याकडे प्रकल्प व्यवस्थापन कार्यालय असतं. बोलताना सगळे पीएमओ म्हणतात. हे कार्यालय कोळसा काढत नाही की सिमेंट भाजत नाही. कोणतं काम कुणाकडे आहे, कशावाचून अडलंय, पैसा किती गेला आणि पुढचा हप्ता कधी लागेल, एवढं ते पाहतं. ही रीत नावारूपाला आली ती अमेरिकी नौदलामुळे. समुद्रातून डागायच्या क्षेपणास्त्रांसाठी नौदलाने १९५५ साली खास कार्यालय उघडलं आणि पोलारिस क्षेपणास्त्राच्या असंख्य पुरवठादारांची कामं एकमेकांशी जोडून पाहण्यासाठी १९५८ मध्ये ‘पर्ट’ ही पद्धत काढली. तिचं मोल कळायला इतकं लांब जायची गरज नाही. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. त्यात ५०० मेगावॉटचे पाच संच आहेत. असा एक संच दुरुस्तीला उघडला आणि काम ठरल्यापेक्षा एक दिवस लांबलं, तर पूर्ण क्षमतेच्या हिशेबाने १ कोटी २० लाख युनिट वीज त्या दिवशी तयार होत नाही. सुटा भाग पोहोचला का, वेल्डर हजर आहेत का, तपासणीचा दाखला कुणी द्यायचा, हे एका टेबलावर पाहणाऱ्या चार-पाच माणसांचा वर्षाचा पगार असा एक दिवस वाचवला तरी निघून येतो.

उलट उदाहरणही वैनगंगेच्या काठावर आहे. गोसीखुर्द धरणाच्या प्रकल्पाला १९८३ साली प्रशासकीय मान्यता मिळाली तेव्हा खर्च धरला होता ३७२ कोटी २२ लाख रुपये. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं, २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला, आणि २०१६ च्या सुधारित मान्यतेत खर्चाचा आकडा १८,४९४ कोटींवर गेला. भूसंपादन, पुनर्वसन, वनजमिनीची मंजुरी, बदललेले आराखडे, महागाई, सगळंच त्यात आहे. एखादं कार्यालय असतं तर हे सगळं टळलं असतं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पण एक काम दुसऱ्यासाठी अडून राहिलं की दोन्हींची किंमत वाढत जाते, आणि ती भरतात ते धरणासाठी गाव सोडलेले आणि पाण्याची वाट पाहणारे शेतकरी.

कंपन्यांतली ही कार्यालयं ढोबळमानाने तीन तऱ्हांची असतात. पहिलं फक्त मदत करतं: नमुने, वेळापत्रक, नोंदी, प्रशिक्षण. दुसरं शिस्त लावतं. ठरलेल्या पद्धतीने काम झालं नाही तर अडवतं. तिसरं कामच आपल्या ताब्यात घेतं. ग्रामसभेसाठी यातलं पहिलं पूर्ण हवं आणि पैशांच्या बाबतीत दुसरंही हवं. तिसरं अजिबात नको. निर्णय गावात झाला पाहिजे. कार्यालयाने तो कागदावर आणायचा, वेळेवर पुढे न्यायचा आणि त्याचा हिशेब परत गावात आणून वाचायचा.

आपल्याकडे हे काम नवं नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक गावाच्या हाती दिलं. पण मेंढ्यात अभ्यासगट आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय त्याआधी कितीतरी वर्षं रुजलेली होती. पुस्तक हाती आलं तेव्हा ते चालवणारी माणसं तयार होती, हे विसरू नये. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने २०१२ मध्ये हक्क मिळाल्यावर बांबूवर भर दिला आणि तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण तेंदूपायी झाडं छाटली जातात आणि जंगलाला वणवे लागतात. कोरची तालुक्यात सुमारे नव्वद ग्रामसभा महाग्रामसभेत एकत्र आल्या. या तिन्ही ठिकाणी जंगल ज्याचं, हिशेब त्याचा, ही गोष्ट आधी पक्की झाली.

कायदा गावाच्या बाजूने आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू आणि तेंदूसह गौण वनउपजाची मालकी वननिवासींना दिली. २०१२ च्या नियमदुरुस्तीने वाहतूक परवाना देण्याचं काम ग्रामसभेच्या समितीकडे आलं, आणि या उपजावर सरकारी स्वामित्वशुल्क किंवा फी लावता येत नाही हेही स्पष्ट झालं. (ठेकेदार ग्रामसभेला देतो त्या रकमेलाही आपल्याकडे रॉयल्टीच म्हणतात. पुढे हा शब्द त्या अर्थाने येईल.) मात्र कायद्याने मालकी दिली, मुनशी दिला नाही. जाहिरात काढणं, निविदा उघडणं, करारनामा, फळीवरची (पानं जमा करण्याच्या जागेवरची) रोजची नोंद, मजुरीचं वाटप, बँक, कर, लेखापरीक्षण ही सगळी कामं ज्या ग्रामसभेत लिहिता-वाचता येणारे चार तरुण आहेत तिच्या अंगावर येऊन पडतात, आणि तेही फुकट.

पैसा कुठे गळतो

तेंदूचं मोजमाप साधं आहे: ७० पानांचं एक पुडकं, १,००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी. दर शेकड्यावर बोलला जातो. साध्या मोजमापातही गळती होते. पुढे मी बारा ग्रामसभांचं एक उदाहरण घेणार आहे. त्यातले आकडे हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. तुमचे आकडे घालून तोच हिशेब पुन्हा करा.

समजा बारा ग्रामसभा आहेत आणि प्रत्येकीच्या सरासरी १५० गोण्या होतात. एकूण १,८०० गोण्या, म्हणजे १८ लाख पुडकी. गोणीला ८,००० रुपये मिळाले, त्यात ४,००० मजुरी आणि ४,००० रॉयल्टी. सगळा व्यवहार १ कोटी ४४ लाखांचा, त्यातली रॉयल्टी ७२ लाख.

पहिली गळती फळीवर होते. शंभरात दोन पुडकी ‘खराब’ म्हणून बाजूला टाकली आणि नोंद झाली नाही, तर १८ लाखांत ३६,००० पुडकी गेली. म्हणजे ३६ गोण्या, २ लाख ८८ हजार रुपये. नाकारलेल्या पुडक्यांची वेगळी वही ठेवली आणि रोज संध्याकाळी दोघांच्या सह्या घेतल्या, तर यातलं बरंचसं वाचतं. त्यासाठी फळीवर ठेकेदाराच्या मुनशीबरोबर गावाचा माणूस बसायला हवा.

दुसरी गळती दरात. एकटी ग्रामसभा लिलाव काढते तेव्हा दीडशे गोण्यांसाठी दूरचा व्यापारी येत नाही. आसपासचेच दोघं-तिघं येतात आणि त्यांचं आपसात ठरलेलं असतं. बारा गावांनी एकत्र जाहिरात काढली, रस्त्यालगतची आणि आतली गावं एकाच निविदेत घातली, तर स्पर्धा वाढते. दर वाढेलच अशी खात्री देता येत नाही. तेंदूचा बाजार बिडीवर चालतो आणि बिडीची मागणी गावाच्या हातात नाही. पण दराचं बोलणं तरी बरोबरीने होतं.

तिसरी गळती सगळ्यात जीवघेणी: बुडवेगिरी. मजुरी कशीबशी दिली जाते, पाला गोदामात जातो, आणि रॉयल्टीचा शेवटचा हप्ता राहतो. ठेकेदार फोन उचलत नाही. आपल्या उदाहरणात एका ग्रामसभेची पूर्ण रॉयल्टी ६ लाख आहे. एक गाव बुडालं तर कार्यालयाच्या वर्षाच्या खर्चातला पाऊण हिश्श्याहून जास्त भाग गेला. इथे वाहतूक परवाना हे ग्रामसभेचं सर्वांत मोठं बळ आहे. पैसे खात्यात जमा झाल्याची बँकेची नोंद पाहिल्याशिवाय परवान्यावर सही नाही, हा नियम करारनाम्यात लिहा आणि पाळा. चेकचा फोटो म्हणजे जमा नव्हे. बऱ्याच गावांत सही आधी होते, कारण पाऊस जवळ आलेला असतो, गाडी उभी असते आणि ठेकेदाराचा माणूस ओळखीचा असतो. सहीचा अधिकार असलेल्या एकट्या पोराला तिथे नाही म्हणणं जड जातं. ‘कार्यालयाकडून जमा झाल्याचा निरोप आल्यावर’ असं म्हणणं सोपं जातं. माझ्या मते कार्यालयाचा खर्च या एका वाक्यासाठीसुद्धा करावा.

खर्चाचा हिशेब

आता बारा ग्रामसभांच्या कार्यालयाचा एका वर्षाचा अंदाज. तालुक्याच्या गावी एक खोली, दोन कायम माणसं, हंगामापुरते दोन मदतनीस.

समन्वयक, महिना २०,०००: २,४०,०००
हिशेबनीस, महिना १५,०००: १,८०,०००
हंगामी मदतनीस दोन, तीन महिने, प्रत्येकी १०,०००: ६०,०००
खोलीभाडं, महिना ३,०००: ३६,०००
वीज, इंटरनेट, कागद, छपाई, महिना ४,०००: ४८,०००
प्रवास, महिना ६,०००: ७२,०००
सनदी लेखापाल, लेखापरीक्षण आणि विवरणपत्रं: ६०,०००
वकिलाचा सल्ला, करारनामे: ३०,०००
मासिक बैठकांचं जेवण-चहा, महिना २,०००: २४,०००
लॅपटॉप-प्रिंटर ८०,०००, चार वर्षांत विभागून: २०,०००

बेरीज ७ लाख ७० हजार. ग्रामसभेमागे साधारण ६४,२००, गोणीमागे ४२८ रुपये. एकत्र विक्रीतून आणि वाचलेल्या गळतीतून गोणीमागे ४२८ रुपये जास्त हाती आले, की कार्यालयाचा बोजा कुणावरच पडत नाही. वरच्या ३६ गोण्या वाचल्या आणि दर गोणीमागे ३०० रुपयांनी वाढला, तर २ लाख ८८ हजार आणि ५ लाख ४० हजार मिळून ८ लाख २८ हजार होतात.

हाच कारभार एकट्या ग्रामसभेने करायचा म्हटला तर? अर्धवेळ हिशेबनीस महिना ८,००० म्हणजे वर्षाचे ९६,०००, लेखापाल १५,०००, प्रवास-कागद ३०,०००. एकूण १ लाख ४१ हजार, १२ लाखांच्या व्यवहारावर पावणेबारा टक्के. बारा जणांत तोच खर्च सव्वापाच टक्क्यांच्या आसपास येतो, आणि दूरच्या व्यापाऱ्यापुढे उभं राहण्याची ताकद वेगळीच. दीडशे-दोनशे गोण्यांच्या ग्रामसभेने एकट्याने पगारी कार्यालय उघडू नये असं मला स्पष्ट वाटतं. बांबू वर्षभर चालत असेल, मजुरी दर आठवड्याला वाटायची असेल, तर गोष्ट निराळी.

पाच टक्के जास्त की कमी, हे ठरवायला सरकारनेच घालून दिलेली मापं हाताशी आहेत. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्व निधीत, म्हणजे सीएसआरमध्ये, २०२१ च्या नियमांनुसार प्रशासकीय खर्च एकूण खर्चाच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त करता येत नाही. जिल्हा खनिज प्रतिष्ठानाला वार्षिक जमेच्या ५ टक्क्यांपर्यंत मुभा दिली गेली. मनरेगात ही मर्यादा ६ टक्के होती, आणि २००८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चाललेल्या पाणलोट कार्यक्रमात १० टक्के. तेव्हा पाच ते सहा टक्के रास्त समजावेत. दहाच्या पुढे गेलं की सभेत कारण विचारलं गेलंच पाहिजे.

पण या टक्क्यांत एक मोठा खड्डा आहे. मजुरी ही तोडणाऱ्याची. तिला हात लावायचा नाही. कार्यालयाचा खर्च रॉयल्टीतूनच निघायला हवा. त्या मापाने ७ लाख ७० हजार म्हणजे ७२ लाखांच्या १०.७ टक्के. आणि मंदीचं वर्ष आलं, गोणी ५,००० वर उतरली, मजुरी तीच ४,००० राहिली, तर रॉयल्टी उरते गोणीला १,०००, एकूण १८ लाख. मग तेच कार्यालय रॉयल्टीतले ४३ टक्के खाऊन टाकतं. अशा वर्षी गावाचा संताप होणार, कार्यालय बंद पडणार, आणि पुढच्या चांगल्या वर्षी पुन्हा शून्यापासून सुरुवात.

यावर उपाय एकच दिसतो. पहिल्या चांगल्या हंगामातच सहा महिन्यांचा खर्च, आपल्या उदाहरणात ३ लाख ८५ हजार, वेगळ्या खात्यात टाकायचा आणि तो फक्त मंदीच्या वर्षीच, बहुसंख्य ग्रामसभांच्या ठरावानेच काढायचा. वर्गणीही ग्रामसभेमागे सारखी न लावता गोणीमागे लावावी. साठ गोण्यांच्या गावाने तीनशे गोण्यांच्या गावाएवढे पैसे भरावेत, हे न्यायाचं नाही, आणि लहान गावं याच कारणाने बाहेर पडतात.

फुकट मिळालं तर?

कधी कंपनीचा सीएसआर, कधी जिल्ह्याचा निधी, कधी एखादी संस्था म्हणते की तीन वर्षं आम्ही माणसं देतो, तुम्ही काही देऊ नका. घ्यायला हरकत नाही, पण चार गोष्टी आधी लिहून घ्या. माणूस कोण नेमणार आणि कोण काढणार? नोंदवह्या आणि संगणकातली माहिती कुणाच्या मालकीची? बँकेच्या खात्यावर बाहेरच्याची सही आहे का? (नसलीच पाहिजे.) आणि चौथ्या वर्षी पगार कुठून येणार? तिन्ही वर्षं ग्रामसभांनी गोणीमागे थोडी तरी रक्कम बाजूला टाकत राहावं. नाहीतर चौथ्या वर्षी कार्यालय जातं आणि त्याच्याबरोबर कागदही जातात.

ज्या जंगलावर खाणीचा प्रस्ताव आहे, त्या भागातल्या ग्रामसभांनी त्या खाणीच्या कंपनीकडून कार्यालय घेऊ नये. इथे मला मधला रस्ता दिसत नाही. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातल्या नियमगिरीच्या खाणीवरच्या निकालात ग्रामसभेचा शब्द किती वजनाचा आहे हे दाखवून दिलं. तो शब्द ज्या सभेत उच्चारायचा, तिचं इतिवृत्त लिहिणाऱ्याचा पगार समोरच्या पक्षाकडून येता कामा नये.

नोंदणी करावी का?

सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला तिचा माल विकायला वेगळी संस्था नोंदवावी लागत नाही. हक्क कायद्यानेच आहे. ग्रामसभेच्या नावाचं पॅन कार्ड शंभर-सव्वाशे रुपयांत होतं, बँक खातं उघडतं, तेवढ्यावर व्यवहार सुरू होतो. महाग्रामसभा सुरुवातीला प्रत्येक गावाच्या ठरावावर चालू शकते.

तरी कुणीतरी उत्पादक कंपनी काढा म्हणून मागे लागतं. प्रक्रिया उद्योग टाकायचा असेल, कर्ज घ्यायचं असेल, तर विचार जरूर करा. नुसत्या तेंदूच्या लिलावासाठी घाई करू नका. कंपनी झाली की दरवर्षी ताळेबंदाचा आणि वार्षिक विवरणाचा असे दोन फॉर्म भरावे लागतात, आणि उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये जादा शुल्क बसतं. एक वर्ष विसर पडला तर दोन फॉर्मचे ७३,००० रुपये. भामरागडला पर्लकोटेच्या पुरात रस्ता बंद असताना, नेटवर्क नसताना, हे दिवस कसे जातात ते कळतही नाही.

करांच्या बाबतीत एवढंच: तेंदूच्या विक्रीवर आयकरात टीसीएसची, म्हणजे विकणाऱ्याने घेणाऱ्याकडून कर गोळा करण्याची, तरतूद आहे, जीएसटीचाही प्रश्न येतो, आणि दर अर्थसंकल्पागणिक बदलतात. जाहिरात काढण्याआधी लेखापालाकडून लेखी घ्या की कर कोण भरणार, किती आणि कोणत्या तारखेला. निविदेच्या अटीत ते शब्दशः घाला. ‘नंतर पाहू’ म्हटलेला कर दोन वर्षांनी नोटीस होऊन येतो, तेव्हा ठेकेदार कुठेच नसतो. करारनाम्याला ऑक्टोबर २०२४ पासून किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. पूर्वीच्या १०० च्या कागदावर तो लिहू नका.

माणूस कसा निवडावा

पगारात काटकसर करायची सगळ्यांची इच्छा असते. मला ती चुकीची वाटते. दहा हजारांवर ठेवलेला हिशेबनीस एप्रिलमध्ये, म्हणजे ऐन गरजेच्या वेळी, दुसरं काम मिळालं की जातो, आणि त्याच्याबरोबर वह्यांची ओळखही जाते. पंधरा-वीस हजार द्या, पण लेखी नेमणूक द्या आणि हंगाम संपेपर्यंत थांबण्याची अट घाला. फार शिकलेला माणूस लागत नाही. बारावी झालेली, गोंडी किंवा माडिया बोलणारी, कोरचीकडे छत्तीसगढी समजणारी, आणि स्वतःच्या गावाच्या ग्रामसभेत बसलेली मुलगी बाहेरच्या पदवीधरापेक्षा उजवी ठरते. हिशेब वाचून दाखवायचा असतो तो ज्या भाषेत लोक भांडतात त्या भाषेत.

ग्रामसभेचा कोरम निम्म्या सदस्यांचा आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया, हा वनहक्काचा नियम आहे. बँकेच्या सह्यांतही एक सही बाईची ठेवा. पाला तोडणं आणि पुडकी बांधणं यात बायकांचा वाटा किती असतो, हे कुणाला सांगायची गरज नाही.

प्रवासखर्चावर सभेत नेहमी बोट ठेवलं जातं, म्हणून थोडं त्याबद्दल. एकट्या गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे. आतल्या गावातून तालुक्याच्या बँकेत येऊन परत जाण्यात दिवस जातो, आणि बँकेचं काम एका फेरीत झालं तर नशीब. दर गावाचा माणूस वेगळा येण्यापेक्षा कार्यालयातली मुलगी आठवड्यातून एकदा बारा गावांची पासबुकं घेऊन गेली, तर वाचणारी मजुरी कुठल्याच वहीत दिसत नाही, पण ती वाचते. महिन्याचे सहा हजार प्रवासाला जास्त नाहीत. मात्र प्रत्येक फेरीचं कारण, तारीख आणि भेटलेल्या माणसाचं नाव वहीत यायला हवं.

छोट्यापासून सुरुवात

बारा गावांचं एकदम वर्षभरासाठी जमत नसेल, तर जानेवारी ते जून असं सहा महिन्यांचं कार्यालय करून पाहा. लिलाव, झुडपांची छाटणी, एप्रिल-मेमधली तोडणी आणि पावसाआधीची वाहतूक, सगळं त्यात येतं. दोन माणसांचे २ लाख १० हजार, मदतनीस ६० हजार, प्रवास ३६ हजार, भाडं-वीज-कागद ४२ हजार, लेखापाल ६० हजार. एकूण ४ लाख ८ हजार, गोणीमागे २२७ रुपये. संगणक पहिल्या वर्षी कुणाचा तरी वापरा. वकिलाचा एक सल्ला लेखापालाच्या रकमेतून भागवता येणार नाही, त्याला वेगळे दहा-पंधरा हजार बाजूला ठेवा.

जुलैच्या सभेत चार आकडे सगळ्यांसमोर मांडायचे: गेल्या वर्षीचा आणि यंदाचा गोणीचा दर, शेजारच्या बाहेर राहिलेल्या गावांचा दर, येणं बाकी किती, आणि नाकारलेली पुडकी किती. शेजारच्या गावांचा दर विसरू नका. बाजारच वर गेला असेल तर त्याचं श्रेय कार्यालयाने घेऊ नये, आणि बाजार पडला असेल तर त्याचा दोषही कार्यालयावर येऊ नये. या चार आकड्यांवर पुढचं वर्ष ठरवा.

आणि सुरुवातीच्या ठरावातच कार्यालय बंद कसं करायचं तेही लिहा. ठराव वह्या, रोखवह्या, हजेरीपट, साठ्याच्या नोंदी, वाहतूक परवान्यांची स्थळप्रत आणि अधिकारपत्राची नक्कल प्रत्येक गावाला परत. संगणकातल्या माहितीची एक प्रत प्रत्येक ग्रामसभेच्या सचिवाकडे. उरलेली रक्कम त्या वर्षीच्या गोण्यांच्या प्रमाणात वाटून. आणि राखीव खात्यावरच्या सह्या तीस दिवसांत बदलून.